भरती-ओहोटीशेजारी अंतराळ स्थानकाची वेळही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात रोज सूर्योदय-सूर्यास्त आणि भरती-ओहोटीच्या वेळा छापून येतात. कोळीवाड्यातला नाखवा त्या पाहतो, पावसाळ्यात हिंदमाता-परळचा दुकानदारही पाहतो. त्या वेळांवर विश्वास बसतो, कारण त्या अपोलो बंदरासाठी काढलेल्या असतात. कांडल्याच्या किंवा चेन्नईच्या नसतात. तसाच, तितक्याच काळजीने काढलेला एक छोटा चौकोन आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या मुंबईवरील दर्शनासाठी असावा, अशी आम्हा काही आकाशनिरीक्षकांची विनंती आहे. स्थानकावर जाणाऱ्या चमूंच्या बातम्यांत ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्याही याच निमित्ताने मांडतो. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे स्थानकाची कक्षा.

२०२५ च्या जून-जुलैत ॲक्सिअम-४ या खासगी मोहिमेतून भारताचे शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले. सोबत मोहिमेच्या प्रमुख अमेरिकेच्या पेगी व्हिटसन, पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्नेव्हस्की आणि हंगेरीचे तिबोर कापू होते. उड्डाण लांबत गेले तेव्हा प्रत्येक नव्या तारखेबरोबर वेळही बदलत होती, आणि वाचकांना त्याचे कारण कुठेच मिळाले नाही. २९ मे ही तारीख ठरली होती तेव्हा भारतीय वेळ होती रात्री १०.३३. १० जूनला ती सायंकाळी ५.५२ झाली, ११ जूनला ५.३०. प्रत्यक्ष उड्डाण २५ जूनला दुपारी १२.०१ वाजता झाले. हे आकडे शेजारी-शेजारी मांडले की दिसते, दर दिवशी वेळ सरासरी २३-२४ मिनिटांनी अलीकडे सरकते आहे. ही कोणाची मर्जी नव्हे.

स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, आणि त्या फुगवट्याच्या ओढीने कक्षेचे प्रतल, म्हणजे कक्षा ज्या सपाट पातळीत असते ती पातळी, रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे फिरते. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना फ्लोरिडातले उड्डाणस्थळ दिवसातून दोनदा या प्रतलाखाली येते. त्यापैकी समुद्रावरून ईशान्येकडे जाणारी एकच संधी वापरतात. प्रतल मागे सरकल्यामुळे ती संधी दर दिवशी आधी येते. ती हुकली की पृथ्वीच्या फिरण्याने उड्डाणस्थळ प्रतलापासून दूर जाते, आणि ते प्रतल परत गाठायला लागणारे इंधन यानात नसते. म्हणून अशा उड्डाणाला दुपारी बारा ते दोन अशी खिडकी नसते, एक ठरलेला क्षण असतो. ‘थोडा उशीर होऊन उड्डाण झाले’ असे वाक्य इथे संभवतच नाही. एक मिनिट चुकले तर तो दिवस गेला.

आता मुंबईकडे या. मुंबई १९ अंश उत्तरेला, म्हणून तीही रोज दोनदा या प्रतलाखाली येते आणि रोज साधारण तेवढ्याच मिनिटांनी आधी येते. मात्र प्रतल डोक्यावर आले म्हणजे स्थानक डोक्यावर आले असे नव्हे. स्थानक त्या वर्तुळावर त्या क्षणी कुठे आहे हे वेगळे पाहावे लागते. ते सुमारे ९३ मिनिटांत एक फेरी पुरी करते, म्हणजे दिवसाला साडेपंधरा फेऱ्या. हा अर्धा फार महत्त्वाचा आहे. आज सायंकाळी ते बरोबर माथ्यावरून गेले असेल, तर उद्या त्याच वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असेल. दिसले तर पाऊण तास आधी किंवा नंतर, आणि माथ्यापासून बरेच खालून. म्हणूनच ‘आठवडाभर रोज सायंकाळी सात वाजता दिसेल’ या प्रकारचे जे संदेश मोबाइलवर फिरतात ते चुकीचे असतात, आणि कधी कधी तेच बातमीत उतरतात.

दिसण्यासाठी आणखी एक अट आहे. स्थानकाला स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडे अंधार आणि वर ४०० किलोमीटरवर अजून ऊन, अशी स्थिती हवी. सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश जाईपर्यंत माथ्यावरचे स्थानक उन्हात असते. मुंबईत याचा अर्थ सूर्यास्तानंतर साधारण दीड तास, किंवा सूर्योदयापूर्वीचा तेवढाच वेळ. मध्यरात्री स्थानक डोक्यावरून गेले तरी पृथ्वीच्या सावलीत असल्याने दिसत नाही. प्रतलाच्या सरकण्यामुळे सायंकाळचे काही दिवस, मग रिकामे दिवस, मग पहाटेचे काही दिवस असा क्रम चालतो. सूर्याच्या तुलनेत प्रतलाची पूर्ण फेरी सुमारे साठ दिवसांनी होते. तेव्हा चौकोन रोज भरलेला असणार नाही. महिन्यातले दहा-बारा दिवस भरला तरी पुष्कळ झाले.

दुसऱ्या शहराची वेळ छापणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज होणारी चूक. वृत्तसंस्थेची बातमी दिल्लीहून येते आणि वेळेसकट छापली जाते. स्थानक दिल्लीच्या माथ्यावर असते तेव्हा मुंबईतून ते उत्तरेला क्षितिजापासून फक्त १३-१४ अंशांवर असते, म्हणजे इमारतींच्या मागे. नागपूरच्या माथ्यावर असेल तर इथून २६-२७ अंश. पुण्याच्या माथ्यावर असेल तर मात्र मुंबईतही सत्तर अंशांच्या वर दिसते, आणि वेळेतला फरक फार तर पंधरा-वीस सेकंदांचा. म्हणून पुण्याची वेळ चालेल, दिल्लीची चालणार नाही. कुलाब्यापासून विरारपर्यंतचे अंतर स्थानक आठ-नऊ सेकंदांत कापते, त्यामुळे सगळ्या महानगराला एकच गणित पुरते. डोंबिवली-बदलापूरसाठीही वेगळे करायला नको.

दुसरी चूक घड्याळाची. स्थानकावरचे घड्याळ ग्रिनिच वेळेवर चालते. नासाच्या घोषणा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत असतात. तिथे उन्हाळी वेळ असेल तर आपण साडेनऊ तास पुढे, नसेल तर साडेदहा. परतीचे यान पॅसिफिकमध्ये उतरते तेव्हा तिसरेच घड्याळ लागू होते. ॲक्सिअम-४ चे उड्डाण फ्लोरिडाच्या वेळेनुसार पहाटे २.३१ ला झाले, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ यान समुद्रात उतरले तेही तिथल्या वेळेनुसार २.३१ लाच. भारतीय वेळ मात्र पहिल्या प्रसंगी दुपारी १२.०१ होती आणि दुसऱ्या प्रसंगी, १५ जुलैला, दुपारी ३.०१. वजाबाकी करताना कोणते घड्याळ हे आधी लिहून ठेवले तर घोटाळा होत नाही.

तिसरी चूक शिळ्या वेळेची. चारशे किलोमीटरवरही हवेचे विरळ अवशेष आहेत. त्यांच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येते, आणि दर काही आठवड्यांनी जोडलेल्या यानाची इंजिने चालवून ते वर ढकलतात. अशा प्रत्येक ढकलण्यानंतर फेरीचा काळ बदलतो. दोन आठवड्यांपूर्वी काढलेली वेळ त्यामुळे मिनिटांनी चुकू शकते, आणि चार-सहा मिनिटांच्या दर्शनात दोन मिनिटे म्हणजे निम्मा खेळ. वेळ काढताना कक्षेची माहिती दोन-तीन दिवसांहून जुनी नसावी. अक्षांश १९.० उत्तर, रेखांश ७२.८ पूर्व घेतले की झाले.

छापायचे काय? उगवण, सर्वोच्च स्थान आणि लोप, या तिन्हींची वेळ, दिशा आणि अंशांत उंची. नमुना असा (हा केवळ मांडणीसाठी आहे, कुठल्या तारखेचा नाही): ‘सायं. ७.१२ वायव्य १० अंश, ७.१५ नैर्ऋत्य ६४ अंश, ७.१७ आग्नेय २५ अंश, सावलीत लुप्त’. एवढ्या ओळीत सगळे आले. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, हे एकदा सांगून ठेवले की वाचक स्वतः मोजतो. ‘सावलीत लुप्त’ हे शब्द गाळू नयेत. आकाश स्वच्छ असताना भर आकाशात ठिपका तांबूस होत काही सेकंदांत विझतो, तेव्हा माहीत नसलेल्या माणसाला ते काही बिघडल्यासारखे वाटते.

तीस अंशांपेक्षा खालचे दर्शन छापूच नये, असे आमचे मत आहे. दहा अंशांवर असताना स्थानक आपल्यापासून चौदाशे-पंधराशे किलोमीटर दूर असते. माथ्यावर असताना ४००-४२०. नुसत्या अंतराने उजेड दहा-बारा पट घटतो, त्यात हिवाळ्यातले मुंबईचे धुरके आणि टॉवर. वाचक गच्चीवर जाऊन रिकाम्या हाताने परतला की पुन्हा त्या चौकोनाकडे पाहत नाही. माथ्याजवळून जाताना मात्र ते शुक्राच्या जवळपास तेजस्वी असते, आणि कुर्ल्यात रस्त्यावरच्या दिव्यांखाली उभे राहूनही दिसते. त्याला दुर्बीण लागत नाही. स्थानक नेहमी पश्चिमेच्या बाजूने उगवते. म्हणून वरळी, दादर, वांद्रे, जुहू, गोराई हे समुद्रकिनारे त्याच्यासाठी सोयीचे, कारण तिकडे अडथळा नाही. विमान आणि स्थानक ओळखण्याची खूण सोपी आहे: विमानावर रंगीत आणि लुकलुकणारे दिवे असतात, स्थानकाचा उजेड स्थिर असतो. एकामागोमाग ठिपक्यांची आगगाडी दिसली तर ते स्टारलिंकचे नवे उपग्रह.

पावसाळ्यात चौकोन बंद ठेवावा. ॲक्सिअम-४ चा चमू वर होता ते अठरा दिवस जून-जुलैतले होते, आणि मुंबईकरांना तेव्हा ढगांखेरीज काही दिसण्याची शक्यता कमीच होती. तरीही ढग रेडिओला अडवत नाहीत. स्थानकावरील हौशी रेडिओ केंद्र शाळांशी बोलते तेव्हा त्याचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. साधा एफएम घरगुती रेडिओ तिथवर पोहोचत नाही. हातात धरायचा व्हीएचएफ संच किंवा संगणकाला लावायचा छोटा एसडीआर रिसीव्हर हवा. ॲन्टेना घरी होतो: ४९-४९ सेंटिमीटरच्या दोन तारा, व्ही आकारात पसरून मधे केबल जोडायची. स्थानक जवळ येताना वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर सरकलेली असते, दूर जाताना तेवढीच खाली. पाच-पाच किलोहर्ट्झच्या टप्प्याने चालणारा संच असेल तर आधी १४५.८०५, माथ्यावर १४५.८००, शेवटी १४५.७९५ लावावा. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दहा मिनिटे मिळतात. स्वतः बोलायचे असेल तर परवाना लागतो. संवाद रोज नसतो, पण जाहीर झालेला असेल तेव्हा त्याची वेळ छापणे शाळांच्या उपयोगाचे ठरेल.

आता चमूंच्या बातम्यांविषयी. शुक्ला यांनी गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला, हे सगळीकडे आले. यावेच, घरचा पदार्थ तिथवर गेला याचा आनंद आम्हालाही आहे. पण त्याच अंकांत यान स्थानकाला कसे जोडले गेले, यावर चार ओळीही नव्हत्या, आणि खरे कसब तिथे असते.

उड्डाणानंतर बरोबर २८ तासांनी, २६ जूनला दुपारी ४.०१ वाजता, ‘ग्रेस’ हे ड्रॅगन यान स्थानकाच्या हार्मनी या भागाच्या वरच्या तोंडाला लागले. २८ तास का, याचे उत्तर पुन्हा कक्षेत. उड्डाणाच्या क्षणी स्थानक आपल्या वर्तुळावर किती पुढे आहे, त्यावर पाठलाग किती लांबणार हे ठरते. यानाला आधी खालच्या कक्षेत ठेवतात. खालची कक्षा लहान आणि तिथला वेग जास्त, मैदानाच्या आतल्या पट्ट्यातून धावणाऱ्यासारखा. स्थानक जवळ आले की इंजिने थोडी थोडी चालवून कक्षा उंचावतात. घाईने वेग वाढवला तर यान वरच्या, मोठ्या कक्षेत जाते आणि उलट मागे पडते. रस्त्यावरच्या गाडीचा अंदाज इथे चालत नाही.

शेवटी ४०० मीटर, २२० मीटर, २० मीटर असे थांबे. स्थानकाभोवती २०० मीटर त्रिज्येचा अदृश्य गोल असतो आणि परवानगीशिवाय त्यात शिरता येत नाही. कोणत्याही थांब्यावर लेसरने मोजलेले अंतर आणि कॅमेऱ्यातले चित्र जुळले नाही तर यान मागे घेतात. स्पर्श होतो तो सेकंदाला दहा सेंटिमीटरहून कमी वेगाने. पृथ्वीभोवती दोघांचाही वेग ताशी २८ हजार किलोमीटर असतो, पण एकमेकांच्या तुलनेत ते गोगलगायीसारखे सरकत असतात. आधी मऊ पकड: यानाच्या पुढची कडी स्थानकाच्या कडीत अडकते आणि हेलकावे जिरवते. मग ती कडी आत ओढली जाते आणि बारा हुक घट्ट बसतात. ही पक्की पकड. बातमीत ‘डॉकिंग झाले’ म्हणून जी वेळ येते ती बहुधा पहिल्या स्पर्शाची असते.

आणि दार लगेच उघडत नाही. दोन दारांच्या मधल्या पोकळीत हवा भरून दाब स्थिर राहतो का हे पाहतात. सीलवर कचऱ्याचा एखादा कण अडकला तरी हवा झिरपू शकते. शिवाय तिथले तापमान बदलत असल्याने दाबाचा काटाही थोडा हलतो. गळती आहे की नुसती उष्णतेची हालचाल, हे कळायला काटा पुरेसा वेळ पाहावा लागतो. या साऱ्यात दीड तासाहून अधिक जातो. ‘दार उघडण्यास विलंब’ असा मथळा त्यामुळे चुकीचा ठरतो.

याच सावधगिरीने उड्डाण लांबले होते. आधी यान नेणाऱ्या फाल्कन-९ रॉकेटच्या बूस्टरमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली आणि दुरुस्तीसाठी ११ जूनचे उड्डाण थांबवले. मग स्थानकाच्या रशियन बाजूचा झ्वेझ्दा भाग आडवा आला. त्याच्या मागच्या टोकाच्या बोळातून २०१९ पासून हवा झिरपते आहे. जूनमध्ये भेगा बुजवल्यावर तिथला दाब स्थिर झाला. ही आनंदाची बातमी वाटेल, पण स्थिर दाबाचे दोन अर्थ होतात. गळती खरोखर बंद झाली असेल. किंवा बोळाच्या दाराच्या सीलमधून स्थानकाची मुख्य हवा बोळात शिरून तूट भरून काढत असेल. दुसरी शक्यता गंभीर. आणखी चार माणसे पाठवण्याआधी ते तपासायला हवेच होते. त्या दिवसांत ‘नासाचा पुन्हा घोळ’ असा जो सूर काही ठिकाणी लागला, तो अन्यायाचा होता.

तेव्हा स्थानकावर ठरावीक रहिवासी सात, पाहुणे चार, म्हणजे अकरा माणसे होती. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी आग, हवागळती आणि अमोनियाची गळती झाली तर काय करायचे, हे समजावून सांगतात. प्रत्येकाची घरी परतण्याची जागा त्याच्या स्वतःच्या यानात ठरलेली असते. स्थानकावर गरम हवा वर जात नाही, कारण वर-खाली असे काही नसतेच. पंखे बंद पडले तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचतो आणि डोके दुखू लागते. म्हणून पंख्यांची घरघर अखंड चालू असते. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नाही’ हे वाक्य तर आपण सर्वांनी मिळून हद्दपार करायला हवे. ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के आहे. ते नसते तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते. स्थानक आणि आतली माणसे एकत्रच पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही.

मान देताना अचूकपणाही हवा. अंतराळात जाणारे पहिले भारतीय राकेश शर्मा. ते ३ एप्रिल १९८४ रोजी निघाले आणि सोव्हिएत संघाच्या साल्युत-७ वर राहिले. ते स्थानक वेगळे. शुक्ला हे दुसरे भारतीय, आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेलेले पहिले. कल्पना चावला यांची दोन्ही उड्डाणे या स्थानकाकडे नव्हती. शुक्ला मोहिमेचे पायलट होते याचा अर्थ त्यांनी हातात दांडा धरून यान नेले असा नाही. ड्रॅगन स्वतः चालते. पायलट पडद्यावर प्रत्येक आकडा पाहतो आणि यंत्रणा चुकली तर हस्तक्षेपासाठी तयार असतो. हे काम हलके मानू नये. २८ तासांच्या पाठलागात चुकीचा आकडा वेळेवर दिसणे हेच कसब आहे.

गगनयानाची तयारी चालू आहे, भारताचे स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे, म्हणजे या बातम्या वाढतच जाणार. आमची सूचना अशी की दसऱ्यानंतर चौकोन सुरू करावा आणि मेअखेर थांबवावा. सोमवारी आठवड्याच्या वेळा काढाव्यात, गुरुवारी त्या पुन्हा पडताळाव्यात. नवे यान जोडले गेले, सुटले किंवा स्थानक वर ढकलले गेले, तर त्याच दिवशी नव्याने काढाव्यात. सुधारित वेळ हाती आली नसेल तर जुनी छापू नये; त्या दिवशी चौकोनात ‘आज वेळ उपलब्ध नाही’ एवढेच असावे.

आपले,
काही आकाशनिरीक्षक वाचक,
मुंबई